मशीनचा अंधार आणि घराचा अंधार

मीरा परवा फोनवर वैतागून सांगत होती, की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं कॉम्प्युटरवर काढलेलं घराचं चित्र काळंकुट्ट येतंय. दिवे वाढवले तरी काळं, रंग बदलले तरी काळं. रोहन मागून ओरडला, "ब्राइटनेस वाढव, संपलं!" मी काही बोलले नाही. एक तर तुमच्या फोनवर मला बोलायला जागा मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर जिनं द्यायला हवं होतं, ती बाई आता नाही. म्हणून हे लिहिते आहे. मीराच्या चित्राला याचा किती उपयोग होईल ते सांगता येत नाही. पण विमल जोंधळे तुम्हा दोघांना माहीत असाव्यात असं मला वाटतं.

लातूरच्या आपल्या घरात, खाली रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या पळवून तलवारी खेळायचात आणि त्या तुमच्यावर खेकसायच्या. तेवढं कदाचित आठवत असेल.

त्या मूळच्या अर्धापूरच्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नांदेडला शाळा आणि औरंगाबादला आर्किटेक्चर करून त्या लातुरात आल्या त्या भूकंपानंतर, पुनर्वसनाच्या गावांचं काम निघालं तेव्हा. काम संपलं आणि बाई लातुरातच राहिल्या. खोली भाड्यानं हवी म्हणून आमच्याकडे आल्या तेव्हा गल्लीतल्या दोघांनी मला त्यांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. पुढं आणखी काही विचारायचं त्यांच्या ओठावर होतं, पण मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि माझ्यापुढं बोलताना लोक जरा जपून बोलायचे.

खोली बघायला आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. आत पाऊल टाकलं आणि कुणाला न विचारता त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून ट्यूब बंद केली. मग खुर्ची ओढून गप्प बसल्या. तुमचे आजोबा दारात उभे. त्यांना वाटलं, बाईंना चक्कर आली.

"पाणी देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको. आधी खोली दिसू द्या," बाई म्हणाल्या.

त्यांची ती सवयच होती. कुणाच्याही घरी जाऊ देत, बारशाला असो की भेटायला, आधी दिवा बंद. लोक चिडायचे. लग्नाच्या कार्यालयात एकदा त्यांनी झुंबराचं बटण बंद केलं होतं आणि नवरीची आई किंचाळली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की दिवा लागला की खोली थापा मारायला लागते.

आमची पुढची खोली त्यांना पसंत पडली. जाताना मात्र मधल्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "ह्या खोलीत दिवसाही दिवा लागत असेल." ते घर आजोबांनी स्वतः नकाशा काढून, पाटबंधारे खात्यातून रजा घेऊन, उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात एक गवंडी आला आणि मधल्या खोलीच्या दारावर भिंत फोडून झरोका पाडला गेला. आजोबांनी त्याचं कारण हवा खेळती राहण्यासाठी असं सांगितलं. जोंधळेबाईंचं नाव त्या झरोक्याच्या संदर्भात आमच्या घरात कधी निघालं नाही.

आम्ही दोघी शेवटपर्यंत एकमेकींना 'तुम्ही' म्हणत राहिलो. मी त्यांना 'बाई' म्हणायचे, त्या मला 'मॅडम'. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. त्यांच्या ड्रॉइंगवरचं इंग्रजी मी तपासून देत असे; त्यांचं स्पेलिंग बरं होतं, पण वाक्यं फार लांबायची. बोलण्यात मात्र उलट. ऑफिसात पुस्तकी मराठी, राग आला की अर्धापूरची. 'नाही'चं 'न्हाई' झालं की समोरच्यानं ओळखावं, आता नमतं घ्यावं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. जेवणाचा डबा ऑफिसात कधी खाल्ला नाही. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसून खायच्या. ठेच्याशिवाय डबा नसायचा. घरून केळी आली की अख्खा घड जिन्यात टांगून ठेवायच्या, ज्यानं त्यानं जाता-येता तोडून घ्यावीत.

त्यांच्या हाताखाली जावेद नावाचा ऑपरेटर होता. नांदेडचा, तिशीचा, अतिशय नम्र. कॉम्प्युटरवर घराचं चित्र उभं करण्यात त्याचा हातखंडा. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं रंगीत चित्र, ज्याला मीरा रेंडर म्हणते आणि आमच्या लातुरात सगळे 'थ्रीडी' म्हणायचे, ते तेव्हा नवीन होतं. गिऱ्हाईक नकाशा बघत नसे, थ्रीडी बघत असे. ते चित्र तयार व्हायला मशीन तासन्‌तास घुरघुरत बसायचं, आणि शेवटी पडद्यावर यायचा तो बहुतेक वेळा अंधार.

जावेदकडे त्यावर इलाज होता. चित्रात दिसणार नाहीत अशा जागी, कपाटामागे, खांबामागे, तो खोटे दिवे ठेवायचा. त्यांना तो 'चोरबत्त्या' म्हणायचा. चार चोरबत्त्या ठेवल्या की खोली कशी न्हाऊन निघायची. गिऱ्हाईक खूश.

बाईंना ते खपत नसे. चित्र काळं आलं की त्या जावेदच्या मागं येऊन उभ्या राहत आणि चौकशी सुरू होई. मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा ऐकलेलं सांगते.

"खोली मापात आहे का?"

"हाव मॅडम, फुटात काढली."

"मशीननं फुटात वाचली का?"

जावेदनं बघितलं. मशीननं फुटांचे मीटर केले होते. दहा फुटांची खोली दहा मीटरची झाली होती आणि तिच्यात दहा फुटी खोलीचा बल्ब लावलेला.

"म्हणजे मैदानात काजवा सोडलास. पुढं. काच?"

"काच लावली ना, मॅडम. नवी कोरी."

"काच लावलीस का लादी लावलीस? ऊन आत येतंय का तिच्यातून?"

काच दिसायला काचेसारखी होती, पण मशीनच्या लेखी ती भिंतच होती. उजेड तिच्यावर आपटून परत जात होता. ते दुरुस्त झालं. मग सूर्य कोणत्या महिन्यात आणि किती वाजता ठेवला ते. मग भिंतीवर पडलेला उजेड पुढं किती वेळा उसळू द्यायचा ते. मशीनचं काम वाचावं म्हणून जावेद एकदाच उसळू द्यायचा. एकेक गाठ सुटत गेली तसं चित्र उजळत गेलं, आणि सगळ्या गाठी सुटल्यावरही एक कोपरा काळाच राहिला. जावेदचा हात चोरबत्तीकडे गेला.

"थांब," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंतचा अंधार मशीनचा होता. हा घराचा आहे. हा मशीनमध्ये नाही काढायचा, नकाशात काढायचा." आणि त्यांनी नकाशा घेतला, आणि गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या त्या घराचं स्वयंपाकघर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तणतणत आलं, हे सांगायला नको.

मीरा, तुझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर हे असं आहे. आधी मशीनचा अंधार काढून टाक. मग जो उरेल त्याकडे नीट बघ.

हा हट्ट त्यांच्यात कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, जिन्यात डबा खाताना. भूकंपात पडलेली जुनी घरं तुम्ही पाहिलेली नाहीत. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. खिडकी जवळजवळ नाहीच. उजेड यायचा तो छपरात ठेवलेल्या भोकातून, ज्याला साणं म्हणतात. ती घरं माणसांवर कोसळली होती, त्यामुळं नव्या गावात सगळं हलकं आणि उघडं करायचं ठरलं. बाई नुकत्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या. त्यांनी घराला रस्त्यावर मोठी, छान, खाली खिडकी दिली. लोक राहायला आल्यावर पाहायला गेल्या, तर ओळीनं प्रत्येक खिडकीवर पोतं टांगलेलं.

एका म्हातारीनं त्यांना आत बोलावलं. "ही खिडकी कुणासाठी केलीस, बाई?"

"तुमच्यासाठी, मावशी. उजेड यावा म्हणून."

"उजेड येतोय की. संगं रस्ता बी येतोय. माजी चूल समद्या गावानं बगायची का?"

"मग पडदा लावा."

"पडदा लावला की उजेड जातोय. मग तुजी खिडकी कशाला हाय?"

बाईंनी वरिष्ठांशी भांडून पुढच्या घरांची खिडकी वर उचलायचा प्रयत्न केला. नकाशा मंजूर झालेला होता; तो काही बदलला नाही. सगळी घरं तशीच उठली आणि सगळ्या घरांवर पोती लागली. "अजून आहेत, मॅडम," त्या म्हणाल्या. "भिंत झाल्यावर भांडून उपयोग न्हाई. कागदावर आहे तोवरच भांडायचं." आणि डबा बंद करून हात धुवायला गेल्या.

तोवर लातूर बदलत चाललं होतं. दहावीचा निकाल लागला की नांदेडपासून, देगलूरपासून, उदगीर-जळकोटकडून आईबाप मुलांना घेऊन स्टँडवर उतरायचे. हातात ट्रंक, गादीची वळकटी, डोळ्यांत डॉक्टर. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरानं वर एक मजला चढवला आणि त्यात मुलं ठेवली. जिथं ज्वारीचं गोदाम होतं तिथं केमिस्ट्रीचा क्लास निघाला. आणि या सगळ्यात बाईंच्या वाट्याला काय आलं, तर कंपाउंडच्या भिंती, संडास-बाथरूम आणि वरच्या मजल्यांचे जिने. मोठी कामं मोठ्या ऑफिसांकडे जायची. आधी ज्या इमारतींवर त्यांनी काम केलं होतं त्यांच्यावर नाव दुसऱ्याचंच होतं. खोली चालवणं अवघड झालं होतं. उन्हाळ्यानंतर सोडते, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

अशात बिरादार सर आले. फिजिक्सचे. उदगीरकडचे. उंच, पांढरा सदरा, बाहीला कायम खडूची भुकटी. त्यांच्या क्लासचा त्या वेळी बोलबाला होता, आणि त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं, चार मजली. बाईंनी त्यांच्या घराचा जिना केला होता, त्यावरून त्यांच्याकडे आले. बाईंच्या स्वतःच्या नावावरची ही पहिली मोठी इमारत होणार होती. त्या दिवशी त्यांनी जावेदला पेढे आणायला पाठवलं, ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

काम सुरू झालं. सरांनी किती खोल्या हव्यात ते सांगितलं, बाईंनी त्या बसवून दाखवल्या, आणि जावेदनं थ्रीडी लावली. सकाळी पडद्यावर आलं ते इमारतीचं पुढचं तोंड, डांबर फासल्यासारखं काळं. मी तेव्हा तिथं होते, कारण पालकांना वाटायच्या माहितीपत्रकाचं इंग्रजी माझ्याकडे आलं होतं.

"सूर्य किती वाजता ठेवलास?" बाईंनी विचारलं.

"दुपारी चारला, मॅडम."

"रस्ता पश्चिमेला. चारला तोंडावर कडक ऊन पाहिजे. उत्तर कुठं धरलीस?"

"बिरादार सरांनी सांगितली तशी."

बाईंनी जावेदकडे पाहिलं. "उत्तर काय माणसानं सांगायची असते?"

सांगितली होती खरी. प्लॉटचा रस्ता पश्चिमेला, म्हणजे दार पश्चिमेला. आमच्याकडे प्लॉट घेताना लोक आधी दार कुणीकडं ते विचारतात आणि पूर्व असेल तरच पुढचं बोलतात. सरांनी नकाशावरचा उत्तरेचा बाण परस्पर उलटा करायला लावला होता. कागदावर इमारत पूर्वाभिमुख झाली. पण मशीन त्या बाणावरून सूर्य फिरवतं. बिचाऱ्यानं सूर्य इमारतीच्या पाठीमागं नेऊन ठेवला होता.

बाण सरळ झाला, तोंड उजळलं. बाईंनी ते भगभगीत ऊन बघून लगेच जिना आणि न्हाणीघरं रस्त्याच्या बाजूला घेतली, आणि बाहेरून उभ्या पातळ भिंती दिल्या, म्हणजे दुपारची आग खोल्यांत शिरू नये. मग त्यांनी मधल्या खोलीचं चित्र मागितलं. ते काळं आलं. माप पाहिलं, काच पाहिली, सगळ्या गाठी सोडल्या. काळंच. इमारतीच्या पोटात खोल्यांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या खिडक्या पाईप जाण्यासाठी ठेवलेल्या अरुंद बोळात उघडत होत्या.

बाईंनी ते चित्र तसंच छापलं आणि सरांपुढं ठेवलं.

"हे काय हो, बाई? तळघर हाय का?"

"तिसरा मजला आहे, सर."

"मग अंधार कशाला करून ठेवला?"

"मी न्हाई केला. तुमच्या सगळ्या खोल्या बसल्या, उजेड बसला न्हाई."

"खिडकी हाय की. ही काय!"

"ती पाईपांकडं बघते. पाईपातून ऊन येत न्हाई."

सर जावेदकडे वळले. "जावेद, तू कर बाबा. त्या नांदेडच्या क्लासचं तूच केलतंस ना? लई फक्कड झालतं."

"होतंय की सर. फिकीर नका करू," जावेद म्हणाला आणि मग खाली मान घालून, "मॅडम हाव म्हणल्या तर."

"मॅडम न्हाई म्हणल्या," बाई म्हणाल्या.

"अहो, मी ट्यूबा लावणारच हाय ना आत! दोन-दोन लावतो. चित्रात दाखवल्या तर बिघडलं कुठं?"

"लाईट गेल्यावर?"

"इन्व्हर्टर."

त्या वर्षांत आमच्याकडे सकाळी वीज जायची, दुपारी यायची आणि आली म्हणेपर्यंत पुन्हा जायची. बाई म्हणाल्या, "वीजच न्हाई तर इन्व्हर्टर चार्ज कशावर व्हायचा? सर, तुम्ही फिजिक्सचे. तुम्हीच सांगा. लेकरं दोन वर्षं त्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचीत."

सरांनी कागद गोळा केले. "लातुरात आर्किटेक्ट काय तुम्ही एकल्याच हाव का?" आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

जावेद बराच वेळ माऊस हलवत बसला, पडद्यावर काही नसताना. मग म्हणाला, "मॅडम, चार चोरबत्त्यांचा सवाल होता." मला वाटलं, आता ही खोली रिकामी होणार. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी रिकामी खोकी आणून ठेवली. पण त्याच दिवसांत त्या दुसरा नकाशाही काढत होत्या. मधल्या खोल्यांची एक अख्खी ओळ काढून टाकली होती आणि तिथं खालपासून वरपर्यंत मोकळा चौक ठेवला होता. कुणी मागितलेला नव्हता. जावेदला त्यांनी आतल्या खोलीचं चित्र एकही दिवा न ठेवता करायला लावलं. ते मी पाहिलं. फार उजेड नव्हता. ढगाळ दिवशी माजघरात असतो तेवढा. टेबलावरचं पुस्तक वाचता आलं असतं.

बिरादार सर परत येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले तेव्हा मी ऑफिसातच होते; आल्या आल्या त्यांनी एक चित्र टेबलावर टाकलं. दुसऱ्या एका ऑफिसानं केलेलं, त्याच मधल्या खोलीचं. झगझगीत.

"बघा," ते म्हणाले.

"सुंदर हाय," बाई म्हणाल्या.

"सुंदर कसलं! खुर्चीला सावली न्हाई. टेबलाला सावली तिकडं अन् कपाटाला इकडं. जन्म गेला माझा फळ्यावर किरण काढण्यात. मला खुळ्यात काढून राहिले का हे लोक?"

बाईंनी चौकाचा नकाशा आणि आपलं चित्र पुढं सरकवलं. सरांनी चष्मा काढून चित्र जवळ धरलं. खुर्चीच्या सावलीवर बोट ठेवलं, तिथून खिडकीपर्यंत नेलं, खिडकीतून वर चौकात. बराच वेळ ते बोटानं तसंच मागंपुढं करत राहिले. सावली बरोबर पडली होती.

"किती खोल्या चालल्यात माझ्या?"

"प्रत्येक मजल्यावर एक ओळ."

"एक ओळ!" सर खुर्चीत मागं रेलले. "बरं. खोल्या सोडतो. पण पालकाला पूर्वेचं दार लागतंय, बाई. मी मानत न्हाई, पालक मानतो. माहितीपत्रकात पूर्व पाहिजे."

"दार रस्त्याला असतं. रस्ता पश्चिमेला हाय."

"रस्ता हलवा म्हणत न्हाई मी. चित्रातला सूर्य हलवा. सकाळचं कोवळं ऊन पाहिजे दारावर."

बाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं, जणू तिथं काही लिहिलं होतं. मग म्हणाल्या, "चौक पूर्ण? वरपर्यंत?"

"पूर्ण."

"वर पत्रा टाकायचा न्हाई. आज न्हाई, दहा वर्षांनी न्हाई. मॅडमसमोर म्हणा."

सर माझ्याकडे वळले, वर्गात हजेरी द्यावी तसे. "न्हाई टाकणार."

"जावेद," बाई म्हणाल्या, "उत्तर फिरव."

जावेदनं असं चित्र आयुष्यात केलं नसेल. पश्चिमेच्या दारावर सकाळचं सोनेरी ऊन. पायऱ्यांवर दप्तर घेतलेल्या मुली. खाली 'प्रभातसमयी' असं छापलेलं. सरांनी त्यावर बाईंचं नाव ठळक अक्षरांत टाकलं. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा त्या माझ्याकडे घेऊन आल्या. "इंग्रजी तुम्ही तपासलंत, मॅडम. सूर्य कुणी तपासला?" गावातल्या दुसऱ्या आर्किटेक्टांनी त्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. भेटले की विचारायचे, "काय बाई, आज कुणीकडून उगवला?" ज्या बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या चोरबत्त्या पकडल्या, त्यांना ते बोलणं ऐकून घ्यावं लागलं. त्या ऐकून घ्यायच्या.

वसतिगृह झालं. मी निवृत्त झाल्यावर तिथं मुलींना इंग्रजी बोलायला शिकवायला जात असे. चौकाच्या कडेनं पायऱ्या होत्या, त्यांवर मुली ओळीनं बसलेल्या असायच्या. कुणी केस वाळवतंय, कुणी सूत्रं घोकतंय. वीज जायची आणि कुणी मान वर करून बघायचंही नाही. सरांनी शब्द पाळला; वर पत्रा टाकला नाही. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या मात्र इतक्या बांधल्या, की बाई एकदा येऊन भांडून गेल्या. दर्शनी दालनात जावेदचं ते चित्र मोठं करून, काचेची चौकट करून लावलेलं होतं. तिथून जाताना बाई पाय जरा लवकर उचलायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दालनात. ॲडमिशनचे दिवस होते. आजोबा गेल्यावर मी घर आवरून नांदेडला राहायला निघाले होते आणि मुलींचा निरोप घ्यायला आले होते. बाई कुठलीशी गळकी मोरी दाखवायला प्लंबर घेऊन आल्या होत्या. संध्याकाळ होती. दालनाच्या उघड्या दारातून मावळतीचं ऊन थेट आत, समोरच्या भिंतीपर्यंत आलं होतं, आणि त्या चित्राच्या काचेवर इतकं चमकत होतं की चित्र धड दिसत नव्हतं.

त्या चित्रासमोर जळकोटकडचा एक गृहस्थ उभा होता. धोतर, टोपी, शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी, पायाशी तिची बॅग. तो डोळ्यांवर हात धरून चित्र वाचत होता. मग त्यानं वळून दाराकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं.

"साहेब," त्यानं टेबलामागच्या कारकुनाला विचारलं, "हितं सकाळ लिवलीय दारावर. अन् दिस तर समोर बुडून राहिलाय."

"चित्र हाय हो काका ते," कारकून म्हणाला. "चित्रात असंच असतंय. सही करा हितं."

बाई प्लंबरशी बोलत होत्या. बोलणं थांबवून त्या तिथवर गेल्या.

"चित्र खोटं हाय," त्या म्हणाल्या. "दार पश्चिमेलाच हाय. चित्र माझं हाय."

कारकून उभा राहिला. तो गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता. त्यानं सावकाश विचारलं, "मग पत्रकात खोलीत उजेड येतोय म्हणून लिवलंय, ते बी खोटं हाय का?"

"न्हाई. ते खरं हाय."

"कशावरून?"

आत दिवेलागण झाली होती; चौकाभोवतीच्या सगळ्या खोल्यांत ट्यूबा लागलेल्या दारातूनच दिसत होत्या. त्या वेळी कुठलीही खोली उजेडाची दिसते. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा त्या मुलीकडं.

"आज सही करू नका," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी बघा खोली. मग ठरवा."

"उद्या दुपारपातूर कुठं ऱ्हाऊ? जळकोटची गाडी हाय आता."

"माझ्या घरी ऱ्हावा."

बाईंनी बॅग उचलली होती. बाहेर येऊन त्यांनी रिक्षा थांबवली, मुलीला आधी आत बसवलं आणि बॅग तिच्या पायाशी ठेवली. मला म्हणाल्या, "मॅडम, सांभाळून जा," आणि आत बसून त्या गृहस्थासाठी सरकून जागा केली. तो एक पाय रिक्षात ठेवून थांबला.

"रागावू नका, बाई. तुमच्या घराचं दार कुणीकडं हाय?"

"दक्षिणेला," बाई म्हणाल्या.

तो तसाच उभा राहिला. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. मग त्या गृहस्थानं टोपी सारखी केली, दुसरा पाय वर घेतला आणि बाईंच्या शेजारी बसला.